खुंटाचा जबाब

“ह्यो डोंगर म्या बोडका पाह्यलाय.”

बोरगडाच्या पायथ्याशी रिक्षातून उतरल्या उतरल्या आत्या हेच म्हणाली. शहाऐंशी वर्षांची बाई. गुडघे गेलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. समोर डोंगर हिरवागार. ती त्या हिरव्यात काहीतरी शोधत होती.

आम्ही सहलीला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो. झाडापानांवर लिहायची आपल्या पानांत फारशी रीत नाही. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांना लिहू द्या, असं मीही आजवर म्हणत आलो. आपल्याकडं लिहायला माणसं कमी पडलीत का? पण एका कागदापायी मला या डोंगरावर जावं लागलं. तिथं जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

कागदाची गोष्ट अशी. माझा चुलतभाऊ गावी दीड एकर वनजमीन कसतो. गाव पेठ रस्त्याच्या अंगाला. त्याच्या बापानं ती जमीन दगड वेचून तयार केली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली भावानं दावा टाकला. दावा फेटाळला गेला. कारण एका ओळीचं : तीन पिढ्यांचा पुरावा नाही.

आता हा कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, दोस्तांनो, कारण आपल्यातल्या पुष्कळांना तो आदिवासींचाच कायदा वाटतो. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. जो आदिवासी नाही, त्याला कायद्यानं ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असं लांबलचक नाव दिलं. त्यानं त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या दाखवायच्या. एक पिढी पंचवीस वर्षांची. म्हणजे पंचाहत्तर वर्षं. २००५ मधून पंचाहत्तर वजा करा. किती येतात?

१९३०.

कचेरीतला माणूस भावाला सरळ म्हणाला, “१९३० साली तुमचा आजा या रानाच्या आसऱ्यानं राहत होता, याचा पुरावा आणा.”

१९३० साली आमचा आजा कुठं होता, हे आमच्या घरात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तो काळारामाच्या दारात होता. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी नाशकात सत्याग्रह सुरू केला. खेड्यापाड्यांतून हजारो माणसं भाकरी बांधून पंचवटीत आली, त्यांत तो होता. पण देवळाच्या बंद दारापुढं उभं राहिलेल्या महाराची नोंद कुठल्या तलाठ्यानं केली असती? त्याला देवळात जागा नव्हती, गावात जागा नव्हती, आणि आता नातवाला रानातही जागा नाही. कारण म्हणे कागद नाही.

कागद नसेल तर काय? नियमांत त्याचीही वाट आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला, तर तो पुरावा धरायचा. मात्र तो माणूस दावेदार नसावा. आत्या लग्न होऊन नाशकात आली, जमिनीत तिचं काही नाही. म्हणजे ती साक्षीदार. तिचा जबाब लिहून घ्यायचं ठरलं. आत्या म्हणाली, “घरात बसून काय आठवायचं? मला त्या डोंगरावर घिऊन चल. लहानपणी मोळीला आमी तढंच जायचो.”

म्हणून बोरगड.

नाशिकच्या उत्तरेला, पेठ रस्ता आणि दिंडोरी रस्ता यांच्या मधल्या डोंगरांत बोरगड आहे. शेजारी रामशेज. संभाजीराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा तोच किल्ला. बोरगडाच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिथं आपल्याला जाता येत नाही. उतारावरचं रान २००८ साली ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं या प्रकारातलं ते पहिलं. क्षेत्र साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास. शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींनी आणि पायथ्याच्या गावकऱ्यांनी वन खात्याबरोबर ते राखलं. झाडं लावली, चराई आणि तोड थांबवली, वणवा येऊ नये म्हणून गवताच्या पट्ट्या जाळून जाळरेषा काढल्या. हे काम खरं आहे. डोळ्यांनी दिसतं. त्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही.

आत्या चार पावलं चालायची, थांबायची. “हा ऐन. हा धावडा. ह्याच्या लाकडाचा कुऱ्हाडीला दांडा चांगला व्हतो. ही करवंदीची जाळी, हिच्या काट्यानं माजी साडी फाटली व्हती.” मी पदवीधर, मला चिंच आणि लिंब सोडून झाडं ओळखू येत नाहीत. तिला पानावरून येतात, सालीवरून येतात, तोडलेल्या लाकडाच्या वासावरूनसुद्धा येतात.

मग ती एका जागी बसली. काठीनं पाचोळा बाजूला केला. खाली सागाचा जुना खुंट. मधून कुजून पोकळ झालेला, कडा काळ्या पडलेल्या. आणि त्याच खुंटाच्या बगलेतून तीन खोडं वर गेलेली, चांगली माझ्या मांडीएवढी.

“सागाचं आसंच आसतं,” ती म्हणाली. “वरून तोडलं तरी खालनं फुटतो. मूळ उपटलं तरच मरतो.”

मी विचारलं, “आत्या, हे तोडलं कुणी?”

ती हसली. “आमी.”

नंतर म्हणाली, “आमी म्हंजी आमचा बाप, आमचा चुलता. पाटलाच्या घरी लगीन निघालं की लाकडं फोडायला महार. गावात मढं झालं की सरणाला लाकडं न्यायला महार. ठेकेदार आला की मजुरीवर महार, ठाकर, कोळी. आन घरच्या चुलीला आमी बाया. चार आन्याला मोळी इकायची नाशकात. पंचवटीत बामणाच्या दारात मोळी टाकायची. त्यो पैसे वरून टाकायचा. मोळी शिवायला त्याला इटाळ न्हाई, हात शिवायला इटाळ.”

इथं थोडं मागं जायला हवं. कारण ‘आमी’ हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे.

नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि त्याला लागून डांग. हा सगळा सागाचा मुलूख. १८४२-४३ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथल्या सागाचे पट्टे घेतले. मुंबईच्या गोदीत जहाजांना साग लागत होता. मग रेल्वे आली. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीला चढली. रुळांखाली स्लीपर लाकडाचे, पूल बांधताना टेकू लाकडाचे. दुसरीकडं वन खातं निघालं. १८७८ च्या कायद्यानं रानं ‘राखीव’ झाली. राखीव कुणासाठी? सरकारसाठी. गावानं पिढ्यान्‌पिढ्या आणलेलं सरपण आता सरकारची मेहेरबानी झालं, आणि मेहेरबानीच्या बाहेर काडी उचलली की गुन्हा. ठेकेदारानं पैसे भरून झाड पाडलं तर ते उत्पन्न. आत्यानं वाळलेली फांदी आणली तर ती चोरी.

आत्या पकडली गेली होती. एकदा नाही, तीनदा. नाक्यावरच्या राखणदारानं मोळी ठेवून घेतली, विळा ठेवून घेतला. वर जे बोलला ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “इळा पुन्ना घ्यायला दोन म्हैने मोळ्या इकल्या.”

तेवढ्यात वरून एक मोठं पाखरू घिरट्या घालत गेलं. आत्यानं हात कपाळाला लावून पाहिलं. “गिधाड. आता कुठं दिसतंय गिधाड!” या डोंगरांत गिधाडं आहेत, पण थोडी. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधानं देशातली गिधाडं १९९० नंतर झपाट्यानं मेली. मेलेलं ढोर खाल्लं की त्यातल्या औषधानं त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एके काळी गिधाडं आणि आपले लोक एकाच ढोराभोवती असायचे. आपण बाबासाहेबांचं ऐकलं, ढोर ओढणं सोडलं, म्हणून वाचलो. त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

खुंटाचा फोटो काढून मी भाचीला पाठवला. ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोकरी करते. शिष्यवृत्तीवर शिकलेली पोर. रात्री तिचा उलट फोटो आला. एक खुंट, आणि त्यापुढं ती मुंगीएवढी. खाली लिहिलं होतं, “मामा, हा आमच्याकडचा खुंट.”

त्या झाडाचं नाव सेक्वोया. जगातली सर्वांत अवजड झाडं ती. काहींचं वय तीन हजार वर्षांच्या वर. म्हणजे बुद्ध जन्मला तेव्हा ती आधीच जुनी होती. गोऱ्या कंपन्यांनी १८९० नंतरच्या काळात एकेका खोऱ्यात अशी हजारो झाडं पाडली. गंमत अशी की ते लाकूड ठिसूळ. एवढा वृक्ष जमिनीवर आपटला की त्याच्या ठिकऱ्या व्हायच्या. तीन हजार वर्षांच्या झाडाचं काय केलं? कुंपणाचे खांब आणि छपराच्या फळ्या. एक झाड १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत दाखवायला तुकडे करून नेलं. भाचीच्या फोटोतला खुंट तोच.

आता पुढची गोष्ट आपल्या कामाची. १८८६ मध्ये त्या रानाजवळ कामगारांनी एक वसाहत काढली. समतेनं राहायचं, मिळून कमवायचं, असं त्यांचं ठरलेलं. लाकूड तोडून विकायचा त्यांचाही बेत होता, ते लपवायचं कारण नाही. त्यांनी हातांनी डोंगरात रस्ता खोदला, आणि तिथल्या सगळ्यांत थोर झाडाला नाव दिलं : कार्ल मार्क्स. १८९० मध्ये सरकारनं तिथं राष्ट्रीय उद्यान केलं. झाडं वाचली. वसाहतीचे जमिनीचे दावे मात्र बाद झाले, रस्त्याची मजुरीही बुडाली. त्या झाडाचं आजचं नाव जनरल शर्मन. सेनापतीचं.

तो अर्धा राहिलेला रस्ता १९०३ मध्ये पुरा झाला. कुणाच्या हातानं? काळ्या सैनिकांच्या. त्यांचा कप्तान चार्ल्स यंग, गुलामाच्या पोटी जन्मलेला. त्या उन्हाळ्यात उद्यानाचा कारभार त्याच्याकडं होता. लोकांनी एका झाडाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. तो म्हणाला, माझं नको, बुकर टी. वॉशिंग्टनचं द्या, माझं द्यायचंच तर वीस वर्षांनी पुन्हा विचार करा. त्याच्या नावाचं झाड तिथं उभं राहायला २००४ साल उजाडलं. ब्लॅक पँथरकडं बघून आपल्याकडं १९७२ मध्ये दलित पँथर निघाली. पण रान राखणाऱ्या या काळ्या कप्तानाची गोष्ट आपल्या कुठल्या शिबिरात मी ऐकली नव्हती.

भाचीनं आणखी एक लिहिलं. सेक्वोयाचं बी आगीशिवाय नीट रुजत नाही. आगीच्या धगीनं फळं उघडतात, बी राखेवर पडतं. तिथले मूळ रहिवासी रान अधूनमधून थोडं थोडं जाळायचे. गोऱ्यांनी त्यांना हाकललं आणि आग बंद केली. पाऊणशे वर्षांत खाली काटक्याकुटक्यांचा ढीग साचला. २०२० आणि २०२१ मध्ये वणवे लागले आणि मोठ्या सेक्वोयांपैकी शेकडा तेरा ते एकोणीस दोन वर्षांत गेली. जे रान जाणत होते त्यांना बाहेर काढून रान राखायला गेलं की असं होतं. आता तिकडं मुद्दाम, बेतानं आग लावतात, आणि मूळ रहिवाशांना विचारतात.

आपल्याकडं आत्याला कुणी विचारलं? धावड्याचा दांडा, सागाचा फुटवा, कुठल्या ओढ्याला पाणी टिकतं, हे सगळं तिच्या डोक्यात आहे. तिचं नाव कुठल्या फलकावर नाही. ते फक्त दंडाच्या पावतीवर असायचं.

संध्याकाळी गावी भावाच्या ओट्यावर जबाब लिहायला बसलो. मी विचारायचं, आत्यानं सांगायचं, भाच्यानं लिहायचं. बाप कुठं राहायचा, रानातून काय काय आणायचा, गुरं कुठल्या ओढ्याला पाजायचा. सगळं रांगेनं आलं. मग आत्या म्हणाली, “आमी लाकडं तोडली, मोळ्या इकल्या, त्ये बी लिव.”

भाऊ भडकला. “ते कशाला? दावा मंजूर व्हायचा राहिला बाजूला, आपल्यालाच लाकूडचोर म्हणतील.”

“म्हनत्यातच की,” आत्या म्हणाली. “मंग खोटं कशापायी?”

मीही आधी भावाच्याच बाजूचा होतो. चळवळीत राहून आपल्याला एक सवय लागते. आपल्या माणसाचं काही उणं लिहायचं नाही, शत्रूला आयतं कोलीत मिळतं. पण कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं. ‘जंगलावर उपजीविकेसाठी अवलंबून’ असं त्यात लिहिलंय. पोटासाठी, घरापुरतं. मग मोळीपेक्षा मोठा पुरावा कोणता? ज्या मोळीपायी आत्याला तीनदा अडवलं, ती मोळीच सांगते की आमची चूल या रानावर पेटत होती. त्यांनी जिला गुन्हा म्हटलं, तीच आमच्या हक्काची साक्ष आहे. ते वाक्य आम्ही घातलं. आत्याच्याच शब्दांत.

पण एक पुरावा पुरत नाही, नियम एकाहून जास्त मागतात. दुसरा कुठून आणायचा? तो भाच्यानं शोधला. तालुक्याच्या जुन्या दप्तरात हाडकी-हाडोळ्याचे कागद निघाले. महार वतनाची इनाम जमीन, तीवर पणज्याचं नाव. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामगिरी म्हटलं, ज्याच्याविरुद्ध १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणलं, जे अखेर १९५९ मध्ये गेलं, त्या वतनाचा कागद आज आमच्या बाजूनं बोलतोय. आमचा आजा १९३० च्या आधीपासून याच गावचा, हे गावानं त्याला राबवून घेण्यासाठी लिहून ठेवलं होतं! मला हसू आलं. भाऊ मात्र तो कागद हातात धरून बराच वेळ गप्प बसला.

मित्रांनो, आता आपल्या आपल्यातलं बोलतो.

दादासाहेब गायकवाड याच मातीतले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक जमीन, सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. तीन लाखांहून अधिक माणसं तुरुंगात गेली असं चळवळीत सांगतात. ती मागणी जुनी झाली नाही. ६ मार्च २०१८ ला नाशकाहून निघून १२ तारखेला मुंबईत पोचलेला शेतकऱ्यांचा लाल मोर्चा आठवा. त्यात बहुतेक आदिवासी होते आणि पायांची सालटी निघालेली होती. तेही वनजमिनीचे पट्टेच मागत होते. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला, आणि २८ फेब्रुवारीला तो स्वतःच थांबवला. तलवार टांगती आहे. ती आदिवासींवर आहे तशी आपल्यावर आहे. त्यांना १९३० चा पुरावा लागत नाही म्हणून त्यांच्याशी भांडणारे आपल्यात निघतील. त्यांना आवरा. ठेकेदाराच्या कुपात दोघांच्या आज्यांनी एकाच मजुरीवर कुऱ्हाड चालवली.

आणि दुसरं. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचं निघालं, तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले. बरं झालं. पण मी तिथं गेलो नाही. मला वाटलं, हे त्यांचं काम. आज मला ते चुकलं असं वाटतं. जमीन मागणारा आणि झाड राखणारा हे दोन वेगळे पक्ष आहेत, हे आपल्याला कुणीतरी पढवलंय. वनहक्काच्या कायद्यात जमिनीच्या पट्ट्याबरोबर आणखी एक हक्क आहे : गावानं आपलं रान राखण्याचा, वाढवण्याचा, त्याची व्यवस्था पाहण्याचा. तो सामूहिक हक्क आहे. आपल्या वस्त्यांनी ग्रामसभेत बसून तोही मागायला हवा. म्हणजे रानाच्या पाटीवर राखणदारांची नावं लिहिली जातील, तेव्हा आत्यासारखीचं नाव वगळता येणार नाही.

गावोगाव जाणाऱ्यांनी एवढं करा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, उद्या ती नसतील. वतनाचे कागद तालुक्याच्या दप्तरात हुडका. दावा फेटाळला तर कारणं लेखी मागा. अमुकच कागद पाहिजे असा हट्ट समित्यांना धरता येत नाही, २०१२ च्या दुरुस्तीत तसं लिहिलंय. अपिलाला साठ दिवस असतात, ते हातचे जाऊ देऊ नका. आणि त्या तुकड्यावर ताबाच पंचाहत्तर वर्षांचा पाहिजे असं कुणी म्हणालं तर पुस्तक पुढं करा. पंचाहत्तर वर्षं लागतात ती रानाच्या आसऱ्यानं राहिल्याची. ताबा २००५ च्या त्या तारखेआधीचा असला की झालं.

आमचं अपील दाखल झालंय. निकाल यायचाय.

जबाबाखाली अंगठा घ्यायला भाच्यानं शाईचा पॅड पुढं केला. आत्यानं तो सारला. १९५६ नंतर वस्तीत रात्रीची शाळा निघाली होती, तिथं ती सही शिकली. पेन हातात घेऊन तिनं एकेक अक्षर काढलं. वेळ लागला. मधेच म्हणाली, “त्यो सागाचा खुंट लिवला का रं?”

लिहिला होता. तिनं सही पुरी केली.

जय भीम.